दाराच्या आतलं कापड

रेक्झिन हे एका कंपनीचं नाव होतं. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ हाइड नावाचं गाव आहे. तिथे रेक्झिन लिमिटेड ही कंपनी सुती कापडावर लेप द्यायची, त्यावर चामड्यासारख्या सुरकुत्या ठसवायची आणि तागेच्या तागे विकायची. पुस्तकांच्या बांधणीला, रेल्वेच्या डब्यांना, मोटारींच्या सीटना ते कापड लागायचं. ती कंपनी आज कुणाला आठवत नाही, पण तिचं नाव आपल्याकडे मुरलं. स्कूटरची सीट असो, दवाखान्यातलं बाकडं असो की एलआयसीच्या डायरीचं कव्हर, आपण त्याला रेक्झिनच म्हणतो. झेरॉक्स आणि डालडाच्या पंक्तीतलं हे आणखी एक नाव.

त्या लेपात मुख्य माल होता सेल्युलोज नायट्रेट. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की तो बनतो. प्रक्रिया जास्त झाली की त्याच कापसाची स्फोटक दारू होते. कमी झाली, तर तो विरघळवून, कापूरतेल आणि रंग मिसळून कापडावर फासता येतो. अमेरिकेत याच जातीच्या नकली चामड्याला फॅब्रिकॉइड म्हणत. १९१० साली ती कंपनी ड्यू पाँने विकत घेतली. ड्यू पाँचा मूळ धंदा बंदुकीच्या दारूचा. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी मोटारीत बसलेला माणूस ज्यावर कोपर टेकवायचा, ते कापड दारूगोळ्याचं चुलत भावंड होतं.

मी या सगळ्यात शिरलो तो आमच्या घरच्या पद्मिनीमुळे. गाडी १९८९ची, सांगलीतली, बाबांनी जपलेली. २०२४मध्ये तिचं पासिंग आलं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि २०२२मध्ये त्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली होती. घरात चर्चा सुरू झाली. बाबाच म्हणाले, “पाच हजार भरून भंगार पास करायचं का?” इंजिन चांगलं होतं. भंगार दिसत होती ती आतली बाजू, त्यातही चार दारं. पॅड फुगलेली, रेक्झिन फाटलेलं, आतला स्पंज पिवळ्या भुशासारखा गळणारा. दारं मी घरीच करतो, असं मी सांगितलं. कापड कोणतं लावायचं हे ठरवताना या कापडाचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यात एकच प्रश्न परत परत भेटत गेला: गाडीच्या आतलं कापड ठरवतं कोण?

चामडं चालकाला, लोकर मालकाला

आज “लेदर इंटिरियर” म्हटलं की महागडी गाडी डोळ्यांसमोर येते. युरोपातल्या घोडागाड्यांत हिशेब उलटा होता. गाडीवान उघड्यावर, पावसात बसायचा. त्याच्या सीटला चामडं, कारण चामडं पुसता येतं. मालक बंद डब्यात बसायचा. त्याच्यासाठी आत लोकरीचं मऊ कापड, मखमल किंवा रेशीम. दाराच्या आतल्या बाजूलाही तेच कापड, खाली अस्तर आणि भराव घालून.

मोटार आली तेव्हा घोडे गेले, पण ही व्यवस्था तशीच राहिली. जुन्या लिमोझिनमध्ये पुढे शोफरला चामडं आणि मागे साहेबांना लोकर असायची. जपानमध्ये याची खूण अजून दिसते. तिथल्या सम्राटांसाठी टोयोटाने २००६ साली सेंच्युरी रॉयल बनवली, तिच्यात पुढच्या सीटना चामडं आहे आणि मागे, जिथे सम्राट बसतात तिथे, लोकरीचं कापड.

त्या काळात कापड ठरवायचा तो गिऱ्हाईक. रोल्स-रॉइस इंजिन आणि चासी बनवून द्यायची. वरचं घर बांधायला मालक कोचबिल्डरकडे जायचा, लग्नाचा सूट शिवायला शिंप्याकडे जावं तसा. याचं टोक म्हणजे १९२६ची एक फँटम. क्लॅरेन्स गॅस्क या अमेरिकन उद्योजकाने ती बायकोला भेट देण्यासाठी वुल्व्हरहॅम्प्टनच्या चार्ल्स क्लार्क अँड सनकडून बांधून घेतली. आत फ्रान्समधल्या ओब्युसाँची हाताने विणलेली टॅपेस्ट्री आणि छतावर रंगवलेली चित्रं. चार चाकांवरचा फ्रेंच राजवाड्याचा दिवाणखाना म्हणा ना. श्रीमंतांचा चोचला आहेच तो. पण त्या कोचबिल्डरच्या दुकानात गाडी घेणारा माणूस स्वतःच्या तोंडाने सांगत होता, “मला आत हे हवं.” पुढच्या तीस वर्षांत हे वाक्य बोलायची सोय बहुतेकांसाठी संपली.

दार म्हणजे झाकण

१९१९ साली अमेरिकेत बनणाऱ्या दर दहा मोटारींपैकी नऊ उघड्या असत, वर फक्त कापडी टप. दहा वर्षांत हे प्रमाण जवळजवळ उलटं झालं. छप्पर आणि काचा असलेली बंद गाडी सामान्यांच्या आवाक्यात आली, कारण कारखान्यांनी ती हजारोंनी काढली.

बंद गाडीने दाराचं कामच बदललं. उघड्या गाडीचं दार म्हणजे एक फळी. बंद गाडीच्या दाराच्या पोटात काच खाली जाते, ती वर-खाली करायची यंत्रणा असते, कुलपाच्या दांड्या असतात. हे सगळं झाकायला हवं, पण बिघडलं तर उघडताही यायला हवं. म्हणून आतलं कापड थेट दाराला ठोकणं मागे पडलं. एका पातळ फळीवर कापड ताणून ती फळी स्प्रिंगच्या क्लिपांनी दारावर दाबून बसवायची पद्धत रुजली. आपल्याकडे स्पेअर पार्टच्या दुकानात ज्याला “डोअर पॅड” म्हणतात, ते हे.

या फळीसाठी लागणारा मालही त्याच काळात सापडला. मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावात विल्यम मेसन यांनी १९२४च्या सुमारास लाकडाच्या चिपा वाफेच्या दाबाखाली कोंडून एकदम सोडल्या. चिपांचा फुटून कापसासारखा लगदा झाला, तो गरम दाबला की कडक बोर्ड. लाकडातल्याच चिकट द्रव्याने तो जुळतो. हाच मेसोनाइट, आपला हार्डबोर्ड. स्वस्त, पातळ, करवतीने सरळ कापला जाणारा. त्याला एकच वैरी: पाणी.

कारखान्यात मिनिटाला एक दार तयार व्हायला लागल्यावर गिऱ्हाइकाचं तोंड कोण बघणार? जनरल मोटर्सने १९२७ साली हार्ले अर्लच्या हाताखाली रंग-रूप ठरवणारा स्वतंत्र विभागच काढला. गिऱ्हाइकाने आता कॅटलॉगमधल्या चार तुकड्यांतून एक निवडायचा. कोणते चार, ते कंपनी ठरवणार.

कंपनीने ठरवलेलं नेहमी वाईटच असतं असं नाही. फोक्सवागनच्या रंग आणि कापड विभागात १९६४ साली गुनहिल्ड लिल्येक्विस्ट नावाच्या बाई रुजू झाल्या. आधी त्या चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रं काढायच्या. १९७६च्या गोल्फ जीटीआयच्या सीटसाठी त्यांनी स्कॉटिश चौकडीचं कापड निवडलं, लाल-काळं-पांढरं. त्या गाडीची ओळख आज इंजिनाइतकीच त्या चौकडीने होते. पण अशी एखादी लिल्येक्विस्ट. बाकी सगळीकडे करडं, काळं आणि बिस्किटी.

कुशनवाला

आता आपल्याकडे येऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. १९६४पासून तिथे फियाट ११००ची डिलाइट बनू लागली आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीचं नाव पद्मिनी झालं. परवाना राज्यात गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. जिथे गाडी मिळणं हेच नशीब, तिथे कापड कोण विचारतो? जे येईल ते.

म्हणजे कागदोपत्री आपल्याकडे निवड अगदीच नव्हती. प्रत्यक्षात मात्र ती भरपूर होती, कारण कारखान्याच्या फाटकाबाहेर कुशनवाला बसला होता. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणि प्रत्येक तालुक्याच्या गावात स्टँडजवळ एक टपरी, एक जाड सुईचं शिलाई मशीन, वर टांगलेले रेक्झिनचे तागे. नवी गाडी घेतली की पेढे देवाला आणि गाडी कुशनवाल्याला. मरून रेक्झिन, पांढरी पायपिन, दाराला मॅचिंग खिसा. कोचबिल्डरच्या दुकानातलं ते वाक्य, “मला आत हे हवं”, इथे शाळामास्तर आणि टॅक्सीवाला रोज बोलत होते. रेक्झिनही आता नायट्रेटचं राहिलं नव्हतं. त्याची जागा पीव्हीसीने घेतली होती, नाव तेवढं जुनं.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्यांना हे सांगायला नको. बाहेरून सगळ्या सारख्या, कारण बाहेरचा रंग सरकारने ठरवलेला. आतून एकही दुसरीसारखी नाही. छताला फुलाफुलांचं प्लास्टिक, दारांना वाघाचे पट्टे. २०१५ साली संकेत अवलानी यांनी ‘टॅक्सी फॅब्रिक’ हा उपक्रम सुरू केला. तरुण डिझायनरांनी टॅक्सीच्या सीट, छत आणि दारांसाठी खास कापडं रेखाटली आणि जगभर त्यांचे फोटो फिरले. कौतुक योग्यच होतं. फक्त टॅक्सीचा आतला भाग म्हणजे कोरा कॅनव्हास असं तेव्हा जे लिहिलं गेलं, ते मला पटत नाही. तो कोरा कधीच नव्हता. शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली आणि त्या फुलाफुलांच्या छतांपैकी बहुतेक कुणी जपून ठेवली नाहीत. गाड्यांच्या संग्रहालयात इंजिन ठेवतात, बिल्ले ठेवतात. कुशनवाल्याचं काम फाडून फेकतात.

क्लिपांच्या मागे

आमच्या गाडीचं पॅड काढायला अर्धा तास लागला. काचेच्या हँडलची पिन ढकलायची, हातटेकूचे दोन स्क्रू सोडायचे, मग पातळ पट्टी घालून कडेकडेने क्लिपा उचकटायच्या. मागच्या डाव्या दाराला अकरा निघाल्या.

पॅड फुगण्याचं कारण आत दिसलं. काचेच्या रबरापाशी पावसाचं पाणी दारात शिरतंच, कुठल्याही गाडीत. ते खालच्या भोकांतून निघून जावं अशी सोय असते. भोकं मातीने बुजली आणि पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाटला, की पाणी थेट हार्डबोर्डला भिडतं. नवं कापड लावण्याआधी ही दोन कामं केली नाहीत तर दोन पावसाळ्यांत परत तेच. भोकं तारेने मोकळी केली, नवा प्लास्टिक कागद चिकटवला.

मग जुनं रेक्झिन सोलायला घेतलं. बोर्ड उलटा केला तर मागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं: “डावं मागचं”, खाली मापं आणि “दिवाळी ९३”. अक्षर वळणदार, मोडीची सवय असलेल्या माणसाचं असावं तसं.

बाबांना फोटो पाठवला. लगेच फोन. “अरे, हे चाचांचं अक्षर! मिरजेला त्यांचं दुकान होतं. दोन दिवस बसून होतो मी तिथं. तुझी आई म्हणाली होती निळं घ्या, आणि मी आणलं चॉकलेटी.” पुढे वीस मिनिटं ते चाचांबद्दल बोलत होते. ते कापड कसं कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ करायचे, कोपऱ्यात चुण्या पडू नयेत म्हणून मागच्या बाजूला कात्रीने कशा चिरा द्यायचे, किती पैसे झाले, चहा कुणी पाजला. या गाडीच्या मालकीबद्दल मी ऐकलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट. आरसी बुकात तिचा मागमूस नाही.

इंग्रजीत या कामाला अपहोल्स्टरी म्हणतात. लंडनमधल्या कारागिरांच्या जुन्या संघटनेला १६२६ साली सनद मिळाली, तिचं नाव ‘अपहोल्डर्स’. अपहोल्ड म्हणजे सावरून धरणं, टिकवणं. सजावट हा नंतरचा अर्थ.

आग आणि घोंगडी

कापडाचा प्रश्न बाकीच होता. मला खण हवा होता. आईला तो ऐकूनच आवडला. बाबांना परत चॉकलेटी रेक्झिन. “दार आहे ते, देवघराचा पडदा नव्हे.”

निर्णय शेवटी आगीने केला. गाडीच्या आतलं कापड किती वेगाने जळतं यावर नियम आहेत. अमेरिकेत १९७२पासून ‘एफएमव्हीएसएस ३०२’ लागू आहे: कापडाची आडवी पट्टी धरून टोकाला पंधरा सेकंद ज्योत लावायची, आग मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने सरकता कामा नये. आपल्याकडे याच कामासाठी ‘आयएस १५०६१’ आहे. कारखान्यातून आलेलं कापड या चाचणीतून गेलेलं असतं. बाजारातून आपण आणलेल्या तुकड्याला असं कुणी विचारलेलं नसतं, म्हणून घरी गाडी सजवणाऱ्याने स्वतःच विचारावं.

गच्चीवर पाण्याची बादली जवळ ठेवून, लोखंडी पट्टीला चिमट्याने पट्ट्या अडकवून मी लायटर लावला. ही काही प्रयोगशाळा नव्हे, पण फरक डोळ्यांना दिसण्याइतका होता. खण टोकापासून टोकापर्यंत जळत गेला, बघता बघता. रेक्झिन काळं पडून आक्रसलं, घाणेरडा धूर सोडत राहिलं. तिसरी पट्टी आजोबांच्या घोंगडीच्या फाटक्या कडेची होती. केस जळल्याचा वास आला, टोक गोळा झालं आणि लायटर काढताच आग विझली. लोकर सहजासहजी पेट धरत नाही. तिच्यात नायट्रोजन आणि ओलावा भरपूर असतो.

मग लक्षात आलं की आपल्याकडेही मालकाचं कापड पडून आहे. घोंगडी म्हणजे दख्खनी मेंढीची लोकर, खड्ड्यातल्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ देऊन कडक केलेली. पावसात डोक्यावर, रानात अंगाखाली. दख्खनी लोकर भरड, तिला आता फारसं गिऱ्हाईक नाही. आमच्या भागातल्या एका विणकराकडून नवी काळी घोंगडी आणली, दोनदा धुऊन खळ काढली.

मांडणी जुन्या घोडागाडीच्या हिशेबाने केली. दाराच्या खालच्या तिसऱ्या भागाला, जिथे बूट आणि पाणी लागतं, तिथे रेक्झिन. मध्ये घोंगडी. हातटेकूला परत रेक्झिन, कारण घोंगडी कोपराला टोचते. रेक्झिनचा रंग निळा, आईचा एकतीस वर्षांचा राहिलेला. तीन मिलिमीटरचा नवा हार्डबोर्ड जुन्यावर ठेवून आखला, कडा आणि मागची बाजू वॉर्निशने बंद केली. वर सहा मिलिमीटरचा फोम. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मग कापड मधून कडेकडे दाबत न्यायचं. कोपऱ्यात चाचांसारख्या चिरा. चार दारांना चार शनिवार-रविवार लागले.

याच काळात एका मित्राने त्याच्या २०१९च्या हॅचबॅकचं दार दाखवलं, “माझंही कर.” पॅड काढलं. सबंध एकसंध प्लास्टिक, साच्यात ओतलेलं. मधला कापडाचा तुकडा मागून प्लास्टिकच्या खुंट्या वितळवून बसवलेला. काढायचा तर त्या खुंट्या कापाव्या लागतात, आणि कापल्या की परत बसवायला काही उरत नाही. अशी रचना का करतात ते मला समजतं. वजन कमी, खडखड नाही, पाण्याने फुगत नाही, माणसाचे तास वाचतात. इंजिनियर म्हणून यातल्या कुठल्याही मुद्द्यावर मी भांडू शकत नाही. पण आमच्या धंद्यात एक साधा प्रश्न विचारतात: हे नंतर बदलणाऱ्या माणसाचा विचार केला होता का? हार्डबोर्ड आणि अकरा क्लिपांच्या रचनेत तो माणूस गृहीत धरलेला होता. वितळवलेल्या खुंट्यांमध्ये तो नाही. कुशनवाले आता सीट कव्हरांवर जगतात, तेही सीटमधली एअरबॅग अडणार नाही हे पाहून. दार त्यांच्या हातून गेलं.

गाडी सांगलीला नेली. बाबांनी चारही दारं उघडून पाहिली, घोंगडीवरून हात फिरवला, वासही घेतला. म्हणाले, “कसर लागेल याला.” आईने निळ्या रेक्झिनकडे पाहिलं आणि काही न बोलता त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी कडुनिंबाचा पाला वाळत घातला, दारांच्या खिशात ठेवायला. पासिंगचे पैसे त्यांनीच भरले. आता २०२९पर्यंत प्रश्न नाही.

नव्या बोर्डांच्या मागे मी पेन्सिलीने मापं लिहिली आहेत आणि खाली ‘चाचांच्या मापावरून, २०२४’. पुढे कुणाला कापड बदलायचं असेल तर हँडलची पिन आतल्या बाजूने ढकला, क्लिपा खालून सुरू करा.